खालच्या घरचा हुंकार

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला मला सोपं जातंय. तोंडावर बोलले असते तर तू मध्येच "भाकर खाल्ली का" असं विचारून माझ्या रागाचा विचका केला असतास. आता तुला गप्प बसून ऐकावं लागेल. जन्मभर तू दुसऱ्यांच्या गोष्टींना हुंकार दिलास. माझ्या एका गोष्टीला मात्र तुझ्या तोंडून "हं" निघालं नाही. तीच गोष्ट आहे ही, आणि ती सांगताना मी तुझी भीडभाड ठेवणार नाही.

मागच्या महिन्यात नाशिकला एका सभागृहात कार्यक्रम होता. ऑफिसातल्या एका बाईंनी ओढून नेलं मला. चल गं, तुमच्या डोंगराकडचंच आहे, म्हणाल्या. स्टेजवर मोठा फलक, "गोष्टी माणसं जोडतात". खादीचा झब्बा घातलेले एक गृहस्थ माइकसमोर उभे राहून सांगत होते, की कळवणच्या वरच्या अंगाला थाळीवर गोष्ट लावायची पद्धत आहे, आणि त्या गोष्टींनी पाड्यापाड्यांतली वैरं कशी मिटवली. लोक टाळ्या वाजवत होते. मी माझा डावा हात मांडीवर घेऊन बसले होते. हा हात कोपरातून सरळ होत नाही हे तुला सांगायला नको. मला उठून विचारायचं होतं, साहेब, मिटवलं म्हणजे नक्की काय केलं? मार खाणाऱ्याने तोंड मिटलं, त्याला तुम्ही मिटवणं म्हणता का? पण सभागृहात माझ्यासारखीने उठून बोलायची सवय नसते. मी चहा न घेता निघाले, आणि बसमध्ये तुझ्यावरच चिडत घरी आले. त्या गृहस्थांवर चिडून काय करू, त्यांनी मला पाहिलंही नव्हतं. तू पाहिलं होतंस.

तो दिवस तुला आठवतो का? मला तर आत्ताही समोर दिसतो. बाप दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला गेलेला आहे. पाटाच्या पाण्याची पाळी आपली आहे, आणि तू चुलीपुढून न उठता मला म्हणतेस, "जा, दारं धर, मी भाकरी टाकून येते." मी पाणी आपल्या वाफ्यांत वळवायला फावडं घेऊन जाते. आपलं शेत वर, शेजाऱ्याचं खाली, म्हणून आपण त्याला कधी नावाने बोलावलंच नाही, तो नुसता खालचा. तो आपल्या बांधावर उभा. म्हणतो, पाळी कालच संपली, पाणी खाली सोड. मी म्हणते, आयला विचारा. मी खाली जाणारं दार बुजवायला वाकते आणि तो त्याचं फावडं उचलतो. मी हात आडवा घातला म्हणून डोकं वाचलं. कोपराचा आवाज आला तो मला आलाच, त्यालाही आला असणार, कारण तो जागच्या जागी खाली बसला.

तू धावत आलीस. मला पाठीवर घेऊन हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलंस. त्याने विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "पाटात पडली." दोन शब्द. म्हाताऱ्याने मान हलवली, बांबूच्या पट्ट्या बांधल्या, आणि त्या दोन शब्दांवरच पाड्याने गाठ मारली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, वरच्या घरची पोर पाटात पडली. मी रडून तुला विचारलं, असं का सांगितलंस? तू म्हणालीस, "उद्या पाणी त्याच्याच शेजारी उभं राहून धरायचं हाय." हे तुझं शहाणपण. पोलीस नको, कोर्ट नको, पाण्यावरून अर्धा पाडा इकडे अर्धा तिकडे नको. मला कोर्ट नकोच होतं गं. मला एवढंच हवं होतं, की कोणीतरी चार माणसांत म्हणावं, पोर पडली नाही, तिला मारलं. आजपर्यंत मला दुसरं काही नको होतं.

हात बांधलेला, शाळा बंद, दुखणं इतकं की बसवत नव्हतं. तेव्हा तू मला चुलीपाशी बसवायचीस आणि नागलीच्या भाकरी थापता थापता गोष्ट लावायचीस. तुझा बाप थाळीवाला होता. थाळीवर मेणाने उभी केलेली काडी, ओल्या बोटांनी ती वरून खाली ओढली की घुंई असा आवाज, आणि त्या आवाजावर गोष्ट. तू लहानपणापासून त्याच्यापाशी बसून हुंकार द्यायला शिकलीस, बायका सहसा बसत नाहीत तिथे. थाळी तुझ्याकडे नव्हती, तू तव्यावर उलथणं टेकवून तेवढ्यावर भागवायचीस. हुंकार म्हणजे नुसतं "हं" नाही हे तू मला तिथे शिकवलंस. कुठे "हं", कुठे "मग", कुठे सांगणाऱ्याचा शेवटचा शब्द परत करायचा, कुठे गप्प राहायचं. मी चुकले की तू थांबायचीस. भाकर करपली तरी थांबायचीस. "मी ऐकतेय," मी म्हणायचे. तू म्हणायचीस, "ऐकतेस ते मला कसं कळावं? हुंकार नाय तर गोष्ट नाय."

त्यातली विस्तवाची गोष्ट मला आवडायची. एका पाड्यात विस्तव एकाच घरी, आणि दाणे एकाच घरी. दोघांत भांडण लागलं. विस्तववाल्याने विस्तव राखेखाली झाकला, दाणेवाल्याने कणगीचं तोंड शेणाने लिंपलं. दोन्ही घरं उपाशी. मी दर वेळी विचारायचे, मग आधी कोण उठलं? आणि दर वेळी त्याच्या आधीच हाताच्या ठणक्याने मला ग्लानी यायची. शेवट मी कधी ऐकलाच नाही. तूही नंतर कधी आपणहून सांगितला नाहीस.

आता खालच्याच्या बायकोचं. मी तेव्हा आश्रमशाळेतून सुट्टीला आले होते. इतकी वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं, विहिरीवर त्यांच्या बायका आल्या की तू हंडा अर्धा तसाच घेऊन परत यायचीस. ती गेली, आणि तिच्या दिवसाला त्यांच्या अंगणात थाळी लागली. आपल्याकडचा नियम, मेलेल्याच्या गोष्टीला हुंकार घरच्याने द्यायचा नाही. कारण शेवटी थाळीवाला मेलेल्या माणसाला नदीपाशी आणतो आणि हुंकार देणाऱ्याला विचारतो, जाऊ देऊ का? घरचं माणूस कधी हो म्हणणार नाही. म्हणून माणूस बाहेरचं लागतं, आणि त्याला सगळी गोष्ट माहीत असावी लागते. पाड्यात असं बाहेरचं माणूस एकच होतं, तू. गोष्ट अडली म्हणून कोणीतरी सांगत आलं. तू हात धुतलेस, पदर खोचलास. मी दारात आडवी उभी राहिले. हा वाकडा हात चौकटीला लावून उभी राहिले, मुद्दाम, तुला दिसावा म्हणून. तू त्याच्याखालून वाकून गेलीस.

मी आपल्याच अंगणात बसून ऐकत होते. वाऱ्यावर तुझा हुंकार वर येत होता. इतका सुरेख, इतका वेळेवर, की मला तुझी शिसारी आली. ज्या तोंडाने माझं खरं बोलली नाहीस, त्या तोंडाने तू त्यांच्या घरच्या मढ्याला वाट दाखवत होतीस. शेवटाकडे तो बराच वेळ ऐकू आला नाही, मला वाटलं वारा फिरला. दिवस मावळायच्या आधी तू परत आलीस आणि चूल पेटवलीस. मी विचारलं, "काय मिळालं?" तू म्हणालीस, "गोष्ट पुरी झाली." दुसऱ्या दिवशी त्यांची पोरगी आपल्या दारात ताकाचा गडू ठेवून गेली. पाडा खूश. विहिरीवर पुन्हा बोलणं सुरू. मी तुझ्याशी बोलणं कमी केलं ते तेव्हापासून.

आणि एक तुला कधी विसरू देणार नव्हते. मला एसटीत नोकरी लागली, अपंगांच्या जागेवर, तेव्हा तू पेढा खात म्हणालीस, "बघ, त्या हातानंच तुला खुर्ची दिली." पेढा माझ्या तोंडात होता. मी तो थुंकला, तुझ्यादेखत. तू फडक्याने जमीन पुसलीस.

तू गेलीस तेव्हा अंगणात थाळी लागली आणि हुंकाराला खालचा आला. काठी टेकत चढ चढून आला, कोणी बोलावलंही नव्हतं. मला त्याला तिथल्या तिथे हाकलून द्यायचं होतं, पण घरच्यांनी त्या दिवशी बोलायचं नसतं. त्याला हुंकार देता येत नव्हता. नको तिथे "हं", हवं तिथे गप्प, पाड्याचे थाळीवाले बाबा दर वेळी बोटं थांबवून त्याची वाट बघत. तुझी गोष्ट त्या माणसाने लंगडत लंगडत नदीपर्यंत नेली. "जाऊ देऊ का?" विचारल्यावर तो म्हणाला, "जाऊ दे," आणि मग अगदी हळू, "माय." ज्याने माझं हाड मोडलं, त्याच्या परवानगीने तू गेलीस. याचा मला किती राग आला हे मी कोणाला सांगू, तूच नव्हतीस.

मी अजून बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर लोक मला कळवणची गाडी कुठे लागते ते विचारतात, आणि त्यातले निम्मे कळवणच्या पाटीखालीच उभे असतात. मागच्या आठवड्यात एक बाई आली, पुढे सरकेचना. मी म्हटलं, "कळवण समोरच लागलीय, बघा." ती म्हणाली, "मला गाडी नको. तुझ्याकडंच आले." मान वर केली तर खालच्याची मुलगी. केस पांढरे झालेत तिचे. म्हणाली, "बाबा गेला. परवा दिवस हाय. हुंकाराला माणूस नाय."

"पाड्यात इतकी माणसं आहेत."

"पोरांना येत नाय. माझा पुतण्या म्हणतो, मोबाइलवर कुणाचा तरी हुंकार रेकॉर्ड करून लावू. थाळीवाले बाबा उठूनच चालले होते." जरा थांबून म्हणाली, "तुझ्या आयनं तुला शिकवलंय, ठावं हाय सगळ्यांना."

मागे रांग लागली होती. सिन्नरला जाणारा एक माणूस, अहो बाई, लवकर, म्हणून काचेवर किल्ली आपटत होता. मी त्याच्यावर ओरडले, आणि मग तिला म्हटलं, येते. ती जरा बघतच राहिली. तिला वाटलं असेल, मी तुझ्यावर गेलेय. आये, मी कशाला येते म्हणाले ते तुला सरळ सांगते. मी ठरवलं होतं, सगळी गोष्ट नीट नेईन, नदीपर्यंत आणीन, आणि "जाऊ देऊ का" विचारलं की तोंड उघडणार नाही. उभा राहू दे त्याला तिथे. रजेचा अर्ज लिहिताना मला इतकं हलकं वाटत होतं, की साहेबांनी विचारलं, घरी लग्नकार्य आहे का?

त्यांच्या अंगणात मी पहिल्यांदाच पाय ठेवला. थाळीवाले बाबा आता इतके थकलेत, की काडीला हात लावताना बोटं कापतात, पण आवाज लागला की ते थकलेले वाटत नाहीत. उन्हं अजून वर होती. त्यांनी गोष्ट लावली ती विस्तवाचीच. मला वाटलं होतं मी विसरले असेन. पहिला "हं" गेला आणि पुढचे आपोआप जात राहिले, जिथे जायला हवेत तिथे, जणू तू चुलीपाशी बसून माझ्याकडे बघते आहेस. याचाही मला राग आला. पोरं मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. शेवटी मी तो शेवट ऐकला. आधी उठली ती दाणेवाल्याची सून. तिला भूक सहन झाली नाही. रात्रंदिवस भांडण करणारे सगळे बसून होते आणि ती कणगीचं लिंपण फोडून ओंजळभर दाणे घेऊन शत्रूच्या दारात गेली, म्हणाली, मला भूक लागलीय. एवढंच. गोष्टीत तिला कोणी थोर म्हटलं नाही, तिच्या नावाने फलक लावला नाही. ते मला पटलं.

मग नदी आली. बाबांनी बोटं ओली केली. "पाणी वाहतंय. पैल दिवा हाय. खालच्या घरचा बाबा काठावर उभा हाय. जाऊ देऊ का?"

मी गप्प.

"जाऊ देऊ का?"

अंगणात कोणी हलेना. खालच्याची मुलगी दारात बसली होती, ती माझ्याकडे बघत होती. मला जे हवं होतं ते सगळं माझ्या हातात होतं, फक्त गप्प बसायचं होतं. आणि मला भूक लागली, आये. तसली, त्या सुनेची. मी म्हटलं, "आधी पाटावरचं सांगा."

बाबांनी काडी सोडली. पुन्हा धरली. हुंकार देणाऱ्याने मागितलं तर सांगणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. त्यांनी तोच सूर लावला आणि म्हणाले, "एक पाट होता. वर एक शेत, खाली एक शेत."

"हं."

"वरच्या घरची पोर दारं धराया आली."

"आली."

"पोरीचा पाय घसरला. पोर पाटात पडली."

मी हुंकार दिला नाही. ते थांबले. नुसती थाळी वाजत होती. त्यांनी पुन्हा म्हटलं, पोर पाटात पडली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. तुझा नियम, आये, हुंकार नाही तर गोष्ट नाही. कोणीतरी मागून म्हणालं, सोड ना आता, मेलाय तो. मी नाही सोडलं. मग दारातून आवाज आला, "पडली नाय." खालच्याची मुलगी. घरच्यांनी बोलायचं नसतं, तरी ती बोलली. "बापानं मारलं तिला. फावड्यानं. मी बांधावर होते. घरी आल्यावर मला म्हणाला, तू काय पाहिलं नाय."

बाबांनी ते तिच्या तोंडून घेतलं आणि थाळीवर ठेवलं. "पोर पडली नाय. खालच्यानं फावडं उचललं. पोरीनं हात आडवा घातला. हात मोडला."

मला हुंकार द्यायचा होता. ते थांबून राहिले, काडीवर बोटं तशीच. सगळं अंगण माझ्या एका "हं"साठी थांबलं होतं. शेवटी तो निघाला, घोगरा, तुझ्यासारखा अजिबात नाही. मग त्यांनी परत नदी आणली आणि विचारलं, आणि मी म्हटलं, जाऊ दे. दया आली म्हणून म्हटलं नाही. माझं त्याच्याकडे काही राहिलं नव्हतं म्हणून म्हटलं.

नंतर खालच्याची मुलगी ताकाचा गडू घेऊन माझ्यापाशी येऊन बसली. तिने माझा हात उचलून कोपराला जिथे गाठ आहे तिथे अंगठा फिरवला, आणि मी फिरवू दिला. इतक्या वर्षांत त्या गाठीला माझ्याशिवाय कोणी हात लावला नव्हता. तूसुद्धा नाही.

निघताना बाबा म्हणाले, "तुझी आय बी हितंच अडली होती."

"कुठं?"

"खालच्याच्या बायकोच्या दिवसाला. तिनं बी म्हटलं, आधी पाटावरचं सांग. मी सांगितलं, पोर पडली. ती लय वेळ गप्प बसली. पण तवा कोणी तोंड उघडलं नाय. मग म्हणाली, जाऊ दे, बाईचा काय दोष."

मी चढ चढून आपल्या बंद घरापाशी गेले आणि तुला शिव्या घातल्या, मोठ्याने. तू मागितलं होतंस. तू तिथे, त्या माणसांत, माझ्यासाठी अडून बसली होतीस, आणि घरी येऊन मला म्हणालीस, "गोष्ट पुरी झाली." मला का नाही सांगितलंस? तुला एवढ्या गोष्टी येत होत्या, पाडाभर लोकांच्या मेलेल्यांना तू नदीपार नेलंस, आणि माझ्यासमोर बसून एक वाक्य तुला सांगता आलं नाही, की मी विचारलं होतं गं, कोणी बोललं नाही. मी ऐकलं असतं. मी त्या दिवशी ताक प्यायले असते. पेढासुद्धा गिळला असता बहुतेक. हे मी तुला माफ करत नाही. खालच्याला केलं की नाही ते माहीत नाही, पण तुला नाही.

हा कागद खिडकीतल्या खणात तिकिटांच्या जुन्या गठ्ठ्यांखाली राहील. पाठवायचा कुठे, आणि तुला वाचून कोण दाखवणार? फक्त एक सांगून ठेवते. मेलेल्याच्या घरच्यांना "जाऊ देऊ का" विचारत नाहीत, हा नियम कोणी केला त्याला अक्कल होती. तुझ्या वेळी बाबांनी मला विचारलं असतं, तर आये, तू अजून नदीच्या अलीकडेच उभी असतीस.